.२२ पिस्तुलाचा ट्रिगर खरखरतोय, घासून घ्यावा का?

सातचा_ठोका

नमस्कार मंडळी. गेली सहा-सात वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी सतरा वर्षांची. तीन वर्षं १० मीटर एअर पिस्तूल मारतेय, बऱ्यापैकी जमतंय. या उन्हाळ्यापासून सरांनी तिला २५ मीटरला घेतलंय. पिस्तूल क्लबचं आहे, .२२ सेमी-ऑटोमॅटिक, युरोपियन बनावटीचं, पण बरंच जुनं. क्लबच्याच शस्त्रागारात राहतं, घरी येत नाही (हे आधीच सांगतो, नाहीतर अर्धे प्रतिसाद त्यावरच जातील).

तिची तक्रार अशी: ट्रिगर सुरुवातीला सरळ येतो, मग मध्येच खर्र करतो, अडतो, आणि तिने अजून जोर लावला की भलत्याच क्षणी सुटतो. टार्गेटवर बघावं तर सगळ्या गोळ्या खाली डावीकडे. घड्याळात सात वाजतात तिथे. मार्कही सातच. म्हणून हा आयडी.

रेंजवर येणारे एक गृहस्थ म्हणाले, "माझ्याकडे द्या, सिअर (ट्रिगर दाबेपर्यंत हॅमरला अडवून धरणारा भाग) जरा घासून देतो, दोन दिवसांत लोण्यासारखा करतो." चार हजार मागतायत. क्लबच्या सेक्रेटरींना विचारलं तर ते "बघा बुवा" म्हणाले.

मला दोन गोष्टी कळत नाहीत. ट्रिगर खरंच वाईट आहे की आपल्यालाच तसा वाटतोय, हे कसं ओळखायचं? आणि वाईट असला तर सुधारायचा कसा? मी स्वतः आयुष्यात जत्रेतले फुगे सोडून काही फोडलेलं नाही.

तिरकस

जत्रेतल्या बंदुकीचा ट्रिगर हा जगातला सर्वोत्तम ट्रिगर. फुगा फुटला तर आपलं कसब, नाही फुटला तर नळी वाकडी.

नेमबाज_मावशी

सातचा_ठोका, तिला म्हणावं, घाबरू नकोस. एअरवरून .२२ वर येणारा प्रत्येक जण पहिले दोन महिने हीच तक्रार करतो. एअर पिस्तुलाला नियमाने ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा लागतो, २५ मीटरच्या पिस्तुलाला १००० ग्रॅमचा. सरळ दुप्पट. तीन वर्षं पाचशेवर घडलेलं बोट हजार ग्रॅमला "अडलं" असंच म्हणणार. मी चाळिशीनंतर शूटिंग सुरू केलं, तेव्हा मला तर वाटलं होतं की सेफ्टी लागलेलीच आहे.

पण "खर्र" हा शब्द मला खटकला. जड असणं वेगळं, खरखरीत असणं वेगळं. जड ट्रिगरची सवय होते. खरखरीची होत नाही, कारण ती रोज वेगळ्या जागी लागते.

शब्दवेडी

अवांतर: "खटकला"! कोटी नकळत झाली का? ट्रिगरला मराठीत खटका किंवा चाप म्हणतात. "घोडा दाबला" असं सर्रास लिहितात, पण घोडा म्हणजे मागून येऊन आपटतो तो, हॅमर. दाबतो तो चाप, पडतो तो घोडा.

तिरकस

मुंबईत घोडा म्हणजे अख्खं पिस्तूल. त्यामुळे घोड्याचा घोडा चापाने पाडणे, असं शुद्ध मराठी वाक्य तयार होतं.

दहा_पूर्णांक_नऊ

मूळ प्रश्नावर येतो. मी काही वर्षं मुलांना शिकवतो आहे, त्यातून आलेलं सांगतो. लांबेल.

टू-स्टेज ट्रिगर म्हणजे काय ते आधी. पहिल्या टप्प्यात ट्रिगर काही मिलिमीटर मागे येतो, नुसत्या स्प्रिंगविरुद्ध. मग भिंत लागते. त्या भिंतीवर थोडा जास्त दाब दिला की सिअर सुटतो, घोडा पडतो. पेटी वाजवणाऱ्याला लवकर कळतं: पट्टीवर बोट ठेवणं वेगळं आणि सूर निघेपर्यंत दाबणं वेगळं. बहुतेक जण एकूण वजनाचा मोठा वाटा पहिल्या टप्प्यात ठेवतात आणि भिंतीवर थोडाच उरवतात. हजारातले सातशे पहिल्या टप्प्यात खर्च झाले की शेवटचे तीनशेच उरतात, आणि नेम लागलेला असताना बोटाला तेवढंच काम राहतं.

आता परीक्षा. पिस्तूल रिकामं, मॅगझिन बाहेर, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने बघितलेला, सर शेजारी उभे. पांढऱ्या भिंतीकडे नळी. टार्गेट नको, टार्गेट दिसलं की मन तिकडे जातं. डोळा फक्त पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकाकडच्या नेमाच्या खुणेवर. ट्रिगर इतका सावकाश ओढायचा की कंटाळा यावा. चार गोष्टी लक्षात ठेवायच्या. भिंत दर वेळी त्याच जागी लागते का? भिंतीवर दाब देताना ट्रिगर न सुटता सरकतो का? (याला क्रीप म्हणतात, तुमचं "खर्र" बहुधा हेच.) सुटतो तो वाळकी काडी मोडावी तसा, की ओली फांदी वाकत वाकत तुटावी तसा? आणि सुटल्यावर बोट किती मागे धडकतं? ते ओव्हरट्रॅव्हल. बोट धाडकन मागे गेलं तर गोळी नळीतून बाहेर पडायच्या आत साइट हलते.

हे दहा वेळा करा, आणि मग एखाद्या अनुभवी नेमबाजाच्या हातून तेच पिस्तूल दहा वेळा. त्यालाही त्याच जागी खरखर लागली तर दोष पिस्तुलाचा. नाही लागली तर... कळलं असेल.

एक सावधगिरी: .२२ रिमफायर रिकाम्या चेंबरवर नुसतं मारत बसू नका. फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर मारायला बनवलेली असते, काडतूस नसलं की ती काही पिस्तुलांत थेट चेंबरच्या काठावर आदळते. काही मॅच पिस्तुलांना ड्राय फायरची (गोळीशिवाय ट्रिगर ओढायची) वेगळी सोय असते. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघा, नाहीतर डमी, म्हणजे खोटं काडतूस, वापरा.

ऑस्टिनकर

डमीवरून आठवलं. आमच्याकडे टेक्सासात लोक .२२ साठी भिंतीत ठोकायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या वापरतात, त्या पिवळ्या, स्क्रू बसवायच्या. अगदी बरोब्बर मापाच्या. शंभर गिट्ट्यांचं पाकीट मातीमोल भावात.

बाकी मला कळत नाही, ट्रिगर सुधारायला एवढं का घाबरायचं? इथे प्रत्येक जण करतो. माझ्या ग्लॉक पिस्तुलाचा फॅक्टरी ट्रिगर साडेपाच पाउंडांच्या आसपास, म्हणजे अडीच किलो. स्टेपलर दाबल्यासारखा. कनेक्टर नावाचा ट्रिगरचा छोटा भाग दुसरा घातला, स्प्रिंग बदलल्या, अर्ध्या तासाचं काम. आणि चांगला ट्रिगर म्हणजे काय हे कळायला एकदा नीट जुळवलेलं १९११ मॉडेलचं पिस्तूल हातात घ्या. बाकीच्या बहुतेक पिस्तुलांत ट्रिगर बिजागरीवर फिरतो, त्यात तो फळीसारखा सरळ मागे सरकतो. शंभर वर्षांहून जुनं डिझाइन, पण अजून लोक त्याच्याशीच तुलना करतात.

निवृत्त_फौजदार

ऑस्टिनकर साहेब, तुमचं पिस्तूल तुमचं आहे. या मुलीचं क्लबचं आहे आणि हा देश वेगळा आहे. इथे शस्त्राची दुरुस्ती लायसन्स असलेल्या दुरुस्तीवाल्यानेच करायची असते. रेंजवरच्या "गृहस्थांना" आधी विचारा, कोणत्या लायसन्सवर घासणार? क्लबच्या रजिस्टरला नोंद नसताना पिस्तूल दोन दिवस कुणाच्या घरी गेलं आणि मध्ये काही घडलं, तर सेक्रेटरी "बघा बुवा" म्हणणार नाहीत, "मला माहीतच नाही" म्हणतील.

दुसरं, जड ट्रिगर नेहमी कारखान्याचा आळस नसतो. न्यूयॉर्क पोलिसांनी रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलं घेतली तेव्हा ग्लॉकला मुद्दाम जड स्प्रिंग घातली होती, बारा पाउंडांच्या घरातली. साडेपाच किलो! का, तर धावपळीत, घामाघूम अवस्थेत चुकून बोट दाबलं जाऊ नये. त्याने नेम बिघडतो ही तक्रारही तितकीच जुनी. आमच्या नोकरीत ९ एम.एम. होतं, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं. त्या ब्राउनिंगच्या ट्रिगरची एक गंमत सांगतो. मॅगझिन काढलेलं असताना गोळी सुटू नये म्हणून त्यात एक खिट्टी असते, ती मॅगझिनच्या पुढच्या अंगाला घासते. म्हणजे आपण ट्रिगर ओढतो तेव्हा मॅगझिनसुद्धा घासत असतो. मॅगझिनचा तेवढा भाग स्वच्छ आणि गुळगुळीत असला तरी फरक जाणवतो. पोरं येऊन म्हणायची, "साहेब, हत्यार खराब आहे." मॅगझिन फडक्याने पुसून परत द्यायचो. "आता बघ." "हां साहेब, सुधारलं!"

टूलरूमवाला

मी नेमबाज नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात टूलरूम आहे, डाय-पंच हेच आयुष्य. पण "सिअर घासून देतो" वाचून राहवलं नाही.

सिअर आणि घोड्याची खाच, हे दोन पृष्ठभाग मिलिमीटरच्या अंशाएवढ्या धारेवर एकमेकांना धरून बसलेले असतात. अशा भागांना पाणी दिलेलं असतं, आणि बऱ्याचदा ते केस हार्डनिंग असतं, म्हणजे फक्त वरची कातडी कडक, आत मऊ पोलाद. कानस मारली, कातडी गेली. पहिले पंधरा दिवस ट्रिगर खरंच लोण्यासारखा लागेल. मग आतलं मऊ लोखंड दबायला लागतं, धार गोल होते, आणि पकड कधी सुटेल याचा भरवसा राहत नाही. शिवाय कोन. अर्धा अंश इकडचा तिकडे झाला तर ते भाग एकमेकांत रुतायच्या ऐवजी एकमेकांना बाहेर ढकलायला लागतात. हे काम जिग (भाग नेमक्या कोनात धरणारा साचा) लावून, भिंगाखाली, दगडावर करायचं. दोन दिवसांत चार हजारांत जो "जरा घासून" देतो त्याला मी माझ्या पंचाला हात लावू देणार नाही.

दहा_पूर्णांक_नऊ

टूलरूमवाला, अगदी मनातलं. यात सेमी-ऑटोचा मुद्दा जोडतो. एअर पिस्तुलात सिअर कमी पकडत असला तर फार तर पेलेट (छर्रा) वाया जाईल. सेमी-ऑटोत दर गोळीला मागचा अवजड भाग पाठी जातो आणि धाडकन पुढे येऊन आदळतो. सिअरची पकड काठावर असेल तर त्या धक्क्यानेच घोडा सुटू शकतो. एकदा दाबलं, दोन गोळ्या. मी हे एका रेंजवर प्रत्यक्ष पाहिलंय. दुसरी गोळी कुठे गेली हे मारणाऱ्यालाही माहीत नव्हतं, कारण तोवर रिकॉइलने (गोळीच्या उलट धक्क्याने) हात वर गेला होता. कुणाला लागली नाही हे नशीब.

एका दाबाला एकच गोळी सुटावी म्हणून या पिस्तुलात डिस्कनेक्टर नावाचा भाग असतो, पण सिअरची पकडच गेली तर तोही वाचवत नाही. गोळी सुटली की तो ट्रिगर आणि सिअरची साखळी तोडतो. बोट सैल सोडलं की "टक्" होऊन साखळी परत जुळते, तो रिसेट.

गुलबकावली

सगळं छान, पण माझा वेगळा सूर. सतरा वर्षांच्या मुलीच्या हाती पिस्तूल देऊन वर त्याचा "फील" सुधारायची चर्चा? बॅडमिंटन नाही का?

नेमबाज_मावशी

गुलबकावलीताई, राग नाही, पण एकदा कुठल्याही रेंजवर येऊन बसा. इतकी शांत जागा देवळातही मिळणार नाही. आपल्याच राज्यातल्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये याच २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, दोनदा शूटऑफ (बरोबरी सोडवायची जादा फेरी) खेळून. शूटिंगमध्ये एशियाडचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अनिसा सय्यद. ही परंपरा आहे आपल्याकडे. आणि ट्रिगरचा भरवसा वाढवणं हे सुरक्षेचंच काम आहे.

गुलबकावली

बरं. बसेन येऊन. चहा मिळतो का तिथे?

नेमबाज_मावशी

मिळतो, पण कॉफी-चहा घेऊन फायरिंगला उभं राहू नका, हात थरथरतो. 🙂

आडवा_छेद

एक प्रश्न राहिलाय. १००० ग्रॅम म्हणजे कमीत कमी ना? मग यांचा नेमका किती आहे? मोजलाय का कोणी?

दहा_पूर्णांक_नऊ

हाच प्रश्न मी विचारणार होतो. मोजल्याशिवाय सगळी हवेतली चर्चा.

स्पर्धेत मोजतात ते स्प्रिंगच्या काट्याने नाही, नुसत्या टांगत्या वजनाने. नळी उभी धरायची, वजनाला लावलेला हुक ट्रिगरच्या मध्याजवळ अडकवायचा आणि सावकाश उचलायचं. वजन जमिनीवरून उचललं गेलं आणि घोडा पडला नाही तर पास. तीन प्रयत्न मिळतात. अगदी काठावर ठेवू नका, दहा-वीस ग्रॅम वर ठेवा. स्पर्धा झाल्यावरही तपासायला बोलावतात, आणि तेव्हा कमी भरला तर बाद.

तुम्हाला महागडा संच लागत नाही. वाण्याकडचं एक किलोचं लोखंडी वजन घ्या, वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं. त्याला तारेचा आकडा आणि एक छोटी पिशवी. पिशवीत दहा रुपयांची नाणी टाकत जा, एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. घोडा पडेल तिथे नाणी मोजा.

आणि कानशीच्या आधी स्वच्छता. .२२ च्या गोळीला मेण लावलेलं असतं, शिवाय शिसं आणि न जळलेली दारू. हे सगळं जुन्या तेलात मिसळून ट्रिगरच्या खोबणीत चिकटतं. क्लबच्या पिस्तुलाला प्रत्येक जण तेल घालतो, पुसत कोणी नाही.

तिरकस

म्हणजे क्लबचं पिस्तूल आणि सोसायटीची पाण्याची टाकी, एकच न्याय.

ऑस्टिनकर

घासण्याबद्दलचा माझा मुद्दा मागे घेतो. मी बदललेले भाग तयार मिळतात, मापात बनवलेले. कानस मीही लावणार नाही. मॅच पिस्तुलाला ॲडजस्टमेंटचे स्क्रूच असतात ना? ते फिरवा की.

दहा_पूर्णांक_नऊ

असतात, आणि तिथेच लोक फसतात. पहिल्या टप्प्याचं वजन, त्याची लांबी, दुसऱ्या टप्प्याचं वजन, ओव्हरट्रॅव्हल अडवणारा स्क्रू. मॅन्युअल समोर ठेवून एका वेळी एकच, पाव फेरा, आणि आधी कुठे होता ते कागदावर. ओव्हरट्रॅव्हलचा स्क्रू शेवटपर्यंत आवळायचा मोह होतो. आवळला, आणि आत थोडी घाण साचली, की ट्रिगर सुटायच्या आधीच अडकतो. रॅपिडमध्ये (२५ मीटरच्या झटपट फेरीत) तीन सेकंद टार्गेट समोर आणि पिस्तूल गप्प. हा अनुभव शत्रूलाही नको. यंत्राने दगा दिल्यावर काय होतं ते टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं. पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ वर संपली आणि फायनल दोन गुणांनी हुकली.

निवृत्त_फौजदार

सगळे ट्रिगरच्या मागे लागलात. खाली डावीकडे गोळ्या म्हणजे उजव्या हाताच्या माणसाचा झटका, हे आमच्या वेळचा हवालदारही सांगेल. सरांना सांगा, तिच्या नकळत मॅगझिनमध्ये मध्येच एक डमी घालायची. तिला वाटतं गोळी आहे, आणि घोडा नुसता पडतो. नळी तशीच राहिली तर पोरगी निर्दोष. नळीने खाली मान घातली तर कारण कळलं.

सातचा_ठोका

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल माफी. क्रमाने सांगतो.

त्या गृहस्थांना नम्रपणे नाही म्हटलं. लायसन्सचं विचारल्यावर ते स्वतःच म्हणाले, "जाऊ दे."

सरांसमोर रेंजवरच मोजलं. किलोचं वजन आणि ३१ नाणी! म्हणजे साडेबाराशेच्या आसपास. रेंजवरची सगळी पोरं गोळा झाली, खिशातली नाणी काढून द्यायला लागली. मग सरांनी मॅन्युअल शोधलं (क्लबच्या कपाटात, जर्मन भाषेत, चित्रं होती म्हणून निभावलं) आणि लायसन्सवाल्या दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. त्यांनी ट्रिगरचा भाग उघडला तर आत काकवीसारखं काहीतरी. नुसतं धुवून, पुसून, एक थेंब तेल घालून परत लावलं तर १७ नाणी. खरखर जवळपास गेली. कानस बाहेरही आली नाही. मग स्क्रू थोडा सैल करून तीन नाण्यांवर आणलं. पहिला टप्पा वाढवला, भिंत हलकी केली.

पण खरी गोष्ट वेगळीच निघाली. तिच्याआधी ते पिस्तूल एक उंचेपुरे गृहस्थ वापरायचे. ट्रिगरची जिभली (जिथे बोट टेकतं ती) त्यांनी पार पुढे सरकवून ठेवली होती. हिचा हात लहान. बोटाचं टोकच कसंबसं पोचायचं आणि ओढण्याऐवजी तिरकं ढकलायचं. मागे घ्यायला एक स्क्रू आणि दोन मिनिटं लागली. इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या तर नाहीच.

आणि फौजदार साहेब, डमीही झाली. तिसऱ्या गोळीला. नळीने अशी मान घातली की तिला स्वतःलाच हसू आलं. मग गप्प झाली, आणि दहा मिनिटांनी म्हणाली, "सर, परत घाला, पण कितवी ते सांगू नका." आता रोज पाचात दोन डमी असतात.

वाण्याला वजन परत केलं. त्याने विचारलं, कशाला नेलं होतं. म्हटलं, पोरीचं बोट मोजायला.

टूलरूमवाला

काकवी! वाचून समाधान झालं. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या "खराब" मशिनींना हाच रोग असतो.

शब्दवेडी

जिभली. सुंदर शब्द. टिपून घेतला.

आडवा_छेद

आणि मार्क? सात वाजायचे थांबले का?

सातचा_ठोका

प्रिसिजनला (सावकाश नेमाच्या फेरीला) आता नऊ-दहा येतात. रॅपिडला, त्या तीन सेकंदांत, अजूनही सातच. पण आधी सगळे सात एका कोपऱ्यात पडायचे, आता चारही दिशांना पडतात.

दहा_पूर्णांक_नऊ

म्हणजे ट्रिगर सुटला. होल्डसाठी (हात स्थिर धरण्यासाठी) वेगळा धागा काढा, इथे गर्दी झालीय.